कूलंटचा दिवा लागलेली जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का? आधी हे तपासा

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलात आणि डॅशबोर्डवर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, दिवा लागलेला दिसला, की विकणाऱ्याकडून हमखास एक वाक्य ऐकू येतं: "काही नाही हो, सेन्सर गेलाय." कधी कधी ते खरंही असतं. पण नुसता सेन्सरच गेला असेल, तर तो बदलून गाडी दाखवायला काढणं त्याच्याच फायद्याचं होतं. मग बदलला का नाही, हा प्रश्न डोक्यात ठेवूनच बॉनेट उघडायचं. पाणी कुठेच गेलेलं नाही, बाहेर गळलंय की इंजिनाच्या आत गेलंय, एवढंच आपल्याला शोधायचंय. पहिल्या उत्तरात किरकोळ खर्च असतो, तिसऱ्यात अख्खं इंजिन उघडावं लागू शकतं.

गाडी थंड हवी

फोनवरच सांगून ठेवा: "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. एकदा मी गेलो तेव्हा इंजिन चांगलं तापलेलं होतं. "तुम्ही लांबून येणार, म्हणून गाडी तयार ठेवली," असं मालक म्हणाला. गरम गाडीत कूलंट फुगून पातळी वर दिसते, पाझर वाळून जातो आणि कूलंटच्या टाकीचं झाकणही उघडता येत नाही. म्हणजे बघण्यासारखं जे असतं, ते सगळं झाकलं जातं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून सांगितलं. त्या सकाळची गोष्ट पुढे येते.

इंजिन गरम असताना हे झाकण कुणी कितीही आग्रह केला तरी उघडू नका. बंद टाकीतल्या दाबामुळे आतलं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते उकळून थेट हातातोंडावर येतं.

दिवा नेमका कोणता?

किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका. इशाऱ्याचे बहुतेक दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत. बाकीचे लागले आणि कूलंटचा लागलाच नाही, तर या गाडीत तो दिवा असतो का, हे मॅन्युअलमध्ये बघा. असायला हवा आणि तरी लागत नसेल, तर कुणीतरी तो 'दुरुस्त' केलेला असू शकतो. पातळी कमी असल्याचा इशारा आणि तापमान वाढल्याचा इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही गाड्यांत दोन्हीसाठी एकच दिवा असतो, फक्त लुकलुकण्याची पद्धत वेगळी असते. तेव्हाही मॅन्युअल लागतंच.

दिवा कधी लागतो, हेही विचारा. फक्त थंडीत सुरू करताना लागतो, किंवा जोरात वळण घेताना, कचकन ब्रेक मारताना लुकलुकतो, तर पातळी अगदी काठावर आहे असं समजा. थंडीत कूलंट आकसतं आणि वळणावर टाकीत एका बाजूला सरकतं, त्यामुळे काठावरची पातळी तेवढ्यापुरती सेन्सरच्या खाली जाते.

टाकी

जुनी टाकी पिवळी पडून पातळी दिसेनाशी होते. मागून टॉर्च मारली की रेघ दिसते. 'किमान' आणि 'कमाल'च्या मध्ये पातळी व्यवस्थित असूनही दिवा लागत असेल, तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. बऱ्याच टाक्यांत चुंबक असलेला तरंगता गोळा असतो. तो अडकतो किंवा त्यातच पाणी शिरून बुडतो. टाकीवर बोटाने हलकेच टिचकी मारल्यावर दिवा विझला, तर विकणाऱ्याचं म्हणणं बरंचसं खरं. तरीही पातळीच्या रेघेवर चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे पातळी नंतर उतरली तर कळेल. पूर्ण तपासणीत याहून स्वस्त आणि याहून प्रामाणिक अवजार नाही.

आता थंड असतानाच झाकण उघडा. कूलंटचा रंग कंपनीगणिक वेगळा असतो, त्यामुळे रंगापेक्षा स्वच्छपणा बघा. तपकिरी गाळ दिसला तर गंज चढलेला असतो किंवा दोन न जुळणारी कूलंटं एकत्र ओतलेली असतात. चंदेरी कण तरंगत असतील तर कुणीतरी गळती बुजवायची पूड टाकली असण्याची दाट शक्यता. अशी पूड हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ चिकट थर दिसला, तर तिथेच थांबलेलं बरं. आणि नुसतं साधं पाणी असेल, तर मालक बराच काळ वरून ओततोय.

बाहेर गळतंय का?

ओली गळती शोधण्यात वेळ घालवू नका, वाळलेली शोधा. कूलंट वाळलं की जोडाभोवती पांढरी, हिरवट किंवा गुलाबी खपली धरते. नखाने खरवडली तर भुकटी होऊन निघते. पाइपांची टोकं, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या बाजू, वॉटर पंपाखालचं बारीक भोक आणि खुद्द टाकीचे सांधे बघा. इंजिनाच्या कप्प्यात किंवा केबिनमध्ये गोडसर वास येत असेल तर तो कूलंटचाच. पायाशी गालिचा ओला आणि काच आतून तेलकट धुरकटलेली, म्हणजे हीटरचा रेडिएटर गळतोय. (चाखून बघायचा मोह टाळा, कूलंट विषारी असतं.)

स्पोर्ट्स कारमध्ये अडचण अशी की इंजिन मधे किंवा मागे आणि रेडिएटर पुढे, म्हणजे पाइप अख्ख्या गाडीखालून जातात. लोटस एलिस याच घडणीची. पोर्श बॉक्स्टरमध्ये रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि तिथे सुकी पानं, कचरा साठून ते कुजतात. तिथे टॉर्च मारून बघाच. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरची टाकी मागच्या डिकीत आहे. ती तडकली की डिकीचा गालिचा भिजतो, तेव्हा गालिचा उचलून खाली हात फिरवा. 996 आणि 997 पिढीच्या पोर्श 911 टर्बो आणि जीटी3 मध्ये कूलंटच्या पाइपांचे काही जोड चिकटवलेले आहेत आणि ते वयानुसार सुटू शकतात. वेल्ड किंवा पिन करून ते पक्के केल्याचं बिल असेल तर उत्तम. (993 पर्यंतच्या 911 हवेवर थंड होतात. त्यांच्या गिऱ्हाइकांना हा लेख लागणार नाही.)

आत गेलंय का?

बाहेर कुठेच खूण नाही आणि पातळी मात्र उतरते, हे सगळ्यात वाईट. ऑइलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत नुसता थोडा दुधाळ लेप असेल तर घाबरू नका, कमी अंतर चालणाऱ्या गाडीत तो वाफेमुळेही येतो. पट्टीवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र पाणी ऑइलमध्ये मिसळलेलं आहे.

झाकण लावून गाडी सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा जाड पाइप दाबून बघा. इंजिन गार असताना तो मऊ असतो. पहिल्या एक-दोन मिनिटांतच दगडासारखा टणक झाला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये घुसतोय, म्हणजे हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) किंवा त्याखालच्या सीलवर, हेड गॅस्केटवर, संशय. सायलेन्सरमधून सुरुवातीला पांढरी वाफ येणं साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही ती थांबत नसेल आणि वास गोडसर असेल, तर साहजिक नाही.

त्या दुसऱ्या सकाळी मला पट्टीवर काही दिसलं नाही, धूरही नव्हता. सोबतच्या मेकॅनिकने मालकाला विचारून चारही प्लग काढले आणि फडक्यावर ओळीने ठेवले. तीन करड्या-तपकिरी रंगाचे, चौथा नुकताच धुतल्यासारखा पांढराशुभ्र. त्या सिलिंडरमध्ये पाणी जात होतं आणि वाफेने प्लग धुऊन निघत होता. मालकही वाकून बघत राहिला. मला वाटतं, त्यालाही माहीत नव्हतं.

चालवून, आणि मग थांबून

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) जोडून प्रत्यक्ष तापमान बघत गाडी चालवा. अमेरिकेत 1996 पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना 2001 पासून तो जोडायचं सॉकेट सक्तीचं आहे. डॅशबोर्डच्या काट्यावर भिस्त नको. बऱ्याच गाड्यांत तापमान बरंच वरखाली झालं तरी काटा मधोमध बसून राहतो. स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडांपैकी पी 0217 हा इंजिन जास्त तापल्याचा, पी 0128 बहुधा उघडाच राहिलेल्या थर्मोस्टॅटचा (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचा). एकही कोड नाही पण गाडीच्या संगणकाच्या स्वयंचाचण्या 'अपूर्ण' दिसतात, तर नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. का, ते विचारा.

अर्धा तास चालवा, थोडं पळवा, मग दहा मिनिटं उभ्यावर इंजिन चालू ठेवा. पंखे आपोआप लागले पाहिजेत. हीटर सुरू करा. तो गरम-गार होत असेल तर आत हवा अडकलीय किंवा कूलंट कमी आहे. मग इंजिन बंद करून पंधरा मिनिटं नुसते थांबा. पाणी फिरायचं थांबतं, इंजिनातली उष्णता मात्र तिथेच असते, त्यामुळे बारीक गळती बऱ्याचदा याच वेळी जमिनीवर उतरते. लोक नेमके याच वेळी चहा प्यायला आत जातात.

गॅरेजमध्ये

दोन चाचण्या नाव घेऊन मागा. पहिली प्रेशर टेस्ट: थंड गाडीत झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब हातपंपाने भरायचा (बहुधा 1 बारच्या आसपास) आणि पंधरा मिनिटं काटा उतरतो का बघायचं. झाकणही वेगळं तपासायला सांगा. दुसरी ब्लॉक टेस्ट: टाकीच्या तोंडावरची वाफ निळ्या द्रवातून ओढतात. द्रव पिवळा झाला तर कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू आहे. विकणारा या दोन चाचण्यांना नाही म्हणत असेल, तर तुमचं उत्तर मिळालं.

कूलंटचं काम नुकतंच झालं असेल तर अडकलेली हवा निघून पातळी थोडी उतरू शकते. मधे इंजिन असलेल्या गाड्यांत ही हवा काढणं वेळखाऊ असतं. अशा वेळी बिलाची तारीख बघा, आणखी दोन-चार दिवस गाडी चालू द्या आणि पुन्हा या.

भाव करताना 'सेन्सर असेल' असं गृहीत धरून पैसे कमी करून घेऊ नका. कारण सापडलं असेल तर त्या दुरुस्तीचा लेखी अंदाज घेऊन तेवढी किंमत उतरवा. सापडलं नसेल तर इंजिन उघडण्याचा खर्च धरा, नाहीतर मालकाला दुरुस्त करून परत दाखवायला सांगा. आणि सौदा ठरण्याआधी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, ती चिकटपट्टी एकदा बघून या.