हरभऱ्याच्या पेरणीआधी ट्रायकोडर्माची तयारी

पेरणीला पंधरवडा असताना ट्रायकोडर्माची, म्हणजे मर रोगाला आवरणाऱ्या उपयोगी बुरशीची पुडी आणा. दुकानातच मागची बाजू वाचा: जात हार्जियानम की व्हिरिडी, मुदत कधीपर्यंत, आणि एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत घटकांची नोंद आहे का. ही जमिनीतली जिवंत बुरशी आहे, उन्हाने मरते. काचेलगत तापत पडलेली पुडी मी एकदा घाईत उचलली. त्या वर्षी महिन्याभरातच जागोजाग रोपांनी माना टाकल्या. तेव्हापासून पुडी सावलीतलीच घेतो.

मग शेणखत. पूर्ण कुजलेलं, आत हात घातला तर गरम न लागणारं हवं. एकराला १०० किलो खतात अडीच किलो ट्रायकोडर्मा मिसळून झाडाखाली ढीग करा. ओल इतकीच, की मुठीत गोळा व्हावा पण पाणी निथळू नये. ओलं बारदान टाका, तीन-चार दिवसांनी ढीग वरखाली करा. आठ-दहा दिवसांत पांढरी जाळी धरते, मग हिरवी झाक येते. ती दिसली की मला हायसं वाटतं. अळिंबीची शेड जवळ असेल तर मात्र ढीग लांब लावा, तिथे हीच हिरवी बुरशी पीक बुडवते.

एवढा खटाटोप रोपं सुकवून मारणाऱ्या मर रोगासाठी. त्याची फ्युजॅरियम बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. ट्रायकोडर्मा तिच्या तंतूंना विळखा घालते, विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवते. पण त्यासाठी ती मुळाशी आधी पोचलेली हवी. वाणही विजय किंवा दिग्विजयसारखा, मर रोगाला दाद न देणारा निवडा.

खत पेरणीआधी संध्याकाळी, वाफसा असताना पसरून लगेच मातीआड करा. बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम, म्हणजे ३० किलोला १५० ग्रॅम ट्रायकोडर्मा वेगळी काढून ठेवा. बियाणं विकतचं असेल तर पिशवीवर कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक लावल्याचं लिहिलंय का बघा. असेल तर त्यावर ट्रायकोडर्मा चोळू नका, ती खतातूनच द्या. घमेलंही औषधाचं नको. आधी ट्रायकोडर्मा, ती सुकली की गार गूळपाण्यात कालवलेलं रायझोबियम (मुळांच्या गाठींत राहून पिकाला हवेतला नत्र देणारे जिवाणू), हलक्या हाताने, साल न निघेल असं. गोणपाटावर सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. शेतात नेताना बियाण्यावर ओलं फडकं टाका.