भक्षक कोळी कुंडीत सोडताय? या चुका टाळा

"किडं मारायला किडं विकत आणलास? पैसं जास्त झाल्यात वाटतं!" बेळगावजवळच्या आमच्या रोपवाटिकेत भक्षक कोळ्यांची (जाळं विणणारे नव्हेत, मातीतले बारीक माइट) पहिली बाटली उघडली तेव्हा शेजारचे काका म्हणाले. त्या खेपेला काकांचंच खरं ठरलं. महिना उलटला तरी रोपांच्या ट्रेवर चिलटं (ओल्या मातीत वाढणारी फंगस नॅट) घोंगावतच होती. चूक माझी होती. आठच दिवसांपूर्वी त्याच ट्रेंना मी क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी केली होती, म्हणजे ते पाण्यातून मातीत ओतलं होतं. त्या औषधानं चिलटं गेली नाहीत, कोळी मात्र गेले. आळवणीचा अंश मातीत कित्येक आठवडे राहतो. आता ज्या ट्रेला रासायनिक आळवणी झाली, तिच्यात त्या हंगामात कोळी सोडतच नाही.

हा कोळी म्हणजे स्ट्रॅटिओलेलॅप्स सिमिटस, जुन्या पुस्तकांत हायपोॲस्पिस माइल्स. रंगानं तपकिरी, लांबी मिलिमीटरच्या आत. मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात तो फिरतो, चिलटांच्या अळ्या खातो, कोषात जायला मातीत उतरलेले फुलकिडेही खातो. जरबेरा आणि ढोबळी मिरचीवाल्यांना त्याचा उपयोग आहे तो यासाठी.

पण त्याच्याकडून भलतंच मागू नका. निपाणी-चिकोडीकडचे ऊसवाले हमखास विचारतात, मुळं खाणाऱ्या हुमणीवर चालेल का? नाही चालणार. बोटाएवढी जाड अळी आणि हा टिकलीहून लहान प्राणी, जमायचं कसं? हुमणीसाठी वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे गोळा करून मारा, मातीत मेटारायझियम ही कीड मारणारी बुरशी द्या. गुलाबाच्या पानावरच्या लाल कोळ्यासाठीही हा कामाचा नाही, तो वर चढतच नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा बाटलीपाशी होतो. कुरिअर दुपारी येतं, बाटली टपरीवर नाहीतर गाडीच्या डिकीत पडून राहते आणि मे महिन्यात आतला जीव उकडून मरतो. फ्रिजमध्ये ठेवणंही तितकंच वाईट. १० ते १५ अंशांची जागा मिळाली तर एखाद-दोन दिवस ठेवा, नाहीतर आल्या दिवशी संध्याकाळीच वापरा. आधी बाटलीतला चमचाभर भुसा पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंगातून पाहा. तपकिरी, पळणारे दिसले तर माल जिवंत. सोबत पांढरट, मंद चालणारे कोळी दिसले म्हणून भांडायला जाऊ नका, तो या साहेबांचा वाटेतला डबा असतो. बाटली आडवी धरून हळूहळू फिरवा, मगच शिंपडा. नाहीतर सगळे एकाच कुंडीत पडतात आणि बाकीच्या रिकाम्या राहतात. चिलटं वाढलेली असतील तर चौरस मीटरला साधारण २५०, आधीच सोडत असाल तर निम्मे पुरतात. खरं तर आधीच सोडावेत, ट्रे भरल्याच्या पहिल्याच आठवड्यात.

पाण्याचं गणित आपल्याकडं अवघड. खानापूरच्या बाजूला जून लागला की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाळतच नाही. चिबडलेल्या मातीत चिलटांची चंगळ, कोळ्याचे मात्र हाल. एकदम सुकवलंत तरी तो मरतो. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा. मातीचं तापमान १५ ते २५ अंश असेल तर तो जोमानं वाढतो.

चार दिवसांत चिलटं दिसतातच म्हणून औषधाचा पंप उचलू नका. उडणाऱ्या माशीला कोळी हात लावत नाही, तो अळी खातो. आधीच्या पिढीच्या माशा दोन-तीन आठवडे दिसणारच, त्यांच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावा. फरक बघायचा तर कच्च्या बटाट्याचा काप मातीवर ठेवा (बटाट्याला बेळगावात कसला तोटा!) आणि दोन दिवसांनी उलटा करून पाहा. काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या अळ्या खाली चिकटलेल्या असतील, त्या मोजा. आठवड्यानं पुन्हा मोजा.

परदेशी साईटवर स्वस्त दिसले म्हणून मागवू नका. जिवंत मित्रकीटक परवान्याशिवाय देशात आणता येत नाहीत. आणि गांडूळखतात आपोआप पळणारे तपकिरी कोळी दिसले तर घाबरून त्यावर काही फवारू नका, त्यातले पुष्कळसे भक्षकच असतात.