रात्रीच्या वाचनाला पुस्तक निवडताना

दोन-तीन वर्षांच्या मुलाला पानावर एक-दोन वाक्यं पुरतात. बाकीचं चित्रांनी सांगायला हवं. दुकानात मजकूर हातानं झाकून नुसती चित्रं पाहा. गोष्ट कळली तर घ्या. शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेलं असेल, तर खुशाल परत ठेवा. सुरुवातीला माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ छान. पान उलटायचं काम मुलाकडेच द्या. आपण घाई केली की ते उठून जातं. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तरी वाचा. ओळ मात्र गाळू नका, पकडले जाल!

आठ-नऊ वर्षांपुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. ‘श्यामची आई’त ४२ रात्री आहेत, रोज एकच, आणि रडू येतं म्हणून जेवणाआधी.