ओएचसीत डॉक्टर आणि सिस्टरचं जमवायचं कसं

नंदेसरीकडच्या एका केमिकल कंपनीच्या ओएचसीत (ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर, म्हणजे कारखान्यातला दवाखाना) मी बारा वर्षं स्टाफ नर्स आहे, दांडिया बाजारातून कंपनीची बस पकडते. बडोद्याच्या आसपास नंदेसरी, मकरपुरा, सावली, पादरा सगळीकडे आमच्यासारख्या सिस्टर आणि ब्रदर आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या डॉक्टरांसाठी हे लिहितेय. माझ्यासोबतच्या तीन जणी नोकरी सोडून गेल्या, सगळे म्हणतात पगारासाठी गेल्या, पगार कमी होता हे खरंच आहे पण जाताना तिघी मला एकच बोलल्या, की रात्री सगळं आमच्या डोक्यावर आणि सकाळी कोणी विचारत पण नाही की काय झालं. म्हणून जे काही जमवायचंय ते इथूनच सुरू करा असं माझं मत आहे.

सगळ्यात आधी, डॉक्टर नसताना काय करायचं ते लिहून घ्या. ५०० च्या वर कामगार असले की अ‍ॅम्ब्युलन्स रूम आणि तिथे डॉक्टर-नर्सचा स्टाफ पाहिजे हे १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टपासूनच आहे, पण डॉक्टर चोवीस तास तिथे बसलेले असतात असं नाही, खूप ठिकाणी ते दोन-तीन तास येतात आणि बाकीचा वेळ सिस्टर एकटी. "काही झालं तर फोन करा" एवढ्यावर चालवू नका, रात्री दोनला फोन लागत नाही तेव्हा त्या वाक्याचा काही उपयोग नसतो. डॉक्टर, नर्स आणि सेफ्टी ऑफिसर असे तिघं एक दुपार बसा, आपल्या प्लांटमधल्या केमिकलची लिस्ट आणि एमएसडीएस (केमिकलसोबत येणारी सुरक्षेची माहिती) समोर घ्या, आणि एकेका केमिकलला एक पान द्या. त्यावर तीनच गोष्टी, नर्सने कोणाला न विचारता काय करायचं, फोन कधी करायचा, आणि फोनची वाट न बघता अ‍ॅम्ब्युलन्स कधी काढायची. डोळ्यात अ‍ॅसिड उडालं तर आधी निदान १५ मिनिटं पाणी, बाकी सगळं नंतर. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठल्या कपाटात आहे आणि त्याची एक्सपायरी कोण बघतं, हे पण त्याच पानावर. खाली डॉक्टरांची सही आणि तारीख, दरवर्षी परत बघायचं आणि नवीन केमिकल आलं की लगेच.

ही सही काय करते ते सांगते. एका रात्री नायट्रेशनवाल्या प्लांटमधून एका मुलाला आणलं, पिवळसर धूर नाकात गेलेला, पण अर्ध्या तासात तो हसत बोलत होता, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजन, पण छान. सुपरवायझर दारातच उभा, "बेन, एने सारूं छे, मोकली दो ने", म्हणजे बरा आहे, सोडून द्या ना. आता तो धूर नायट्रोजन ऑक्साईडचा, आणि त्याचं असं आहे की माणूस आधी बरा वाटतो आणि फुप्फुसात पाणी काही तासांनी भरायला लागतं, कधी कधी २४ तासांनी सुद्धा. आमच्या पानावर लिहिलेलं होतं की बरा वाटला तरी सोडायचा नाही. मी ते पान सुपरवायझरच्या हातात दिलं आणि डॉक्टरसाहेबांना फोन केला, ते म्हणाले, "ठेवा, मी येतोय." पहाटे त्याला खोकला सुरू झाला आणि सॅच्युरेशन खाली यायला लागलं तेव्हा आम्ही दोघं तिथे होतो आणि गाडी तयार होती. मुलगा वाचला. सकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की सिस्टरने बरोबर केलं, आणि चार दिवसांनी त्याचा एक्सरे दाखवून फुप्फुसात काय झालं होतं ते मला समजावलं. त्या आठवड्यात माझं नोकरी सोडायचं चाललेलं होतं, ते मी मनातून काढून टाकलं.

म्हणून दुसरं काम रजिस्टरचं. "ऑल ओके" लिहून शिफ्ट देऊ नका. पेशंटला काय झालं, आधीपासून काय आहे, मला काय वाटतं, आणि डॉक्टरांकडून काय पाहिजे, अशा चार ओळी लिहा. तिसरी ओळ आपण नर्सेस खाऊन टाकतो, कारण आपल्याला शिकवलेलंच असतं की मत डॉक्टरांचं असतं, पण रात्रभर पेशंट आपण बघितलेला असतो ना. आणि डॉक्टरांनो, त्याच्या शेजारी एक कॉलम तुमचा ठेवा, पुढे काय झालं, अ‍ॅडमिट केला, काय निघालं, कधी कामावर आला. दोन ओळी पुरतात. आपण बांधलेला अंदाज बरोबर होता की नाही हे कळल्याशिवाय कोणाचा हात सुधारत नाही.

पिरिऑडिक मेडिकलचे, म्हणजे कामगारांच्या ठराविक काळाने होणाऱ्या तपासणीचे, दिवस आले की भांडणं जास्त होतात. घातक प्रोसेसवाल्या कामगाराचं कामावर लावायच्या आधी मेडिकल आणि मग जास्तीत जास्त १२ महिन्यांनी परत, हे भोपाळनंतर १९८७ मध्ये कायद्यात आलं, तेव्हाच्या फॅक्टरीज अ‍ॅक्टचं ४१-सी कलम. रांग लागते आणि एचआरला सगळं चार दिवसांत पाहिजे असतं. आमच्याकडे ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची टेस्ट, शिफ्ट सुटल्यावर करायचे, कंप्रेसर हाऊसमधून थेट आलेला माणूस, त्याचा कान आवाजाने तात्पुरता दबलेला, मग रिपोर्ट खराब येणारच. निदान १४ तास मोठ्या आवाजापासून लांब राहिल्यावर टेस्ट पाहिजे, मी हे दोनदा बोलले, तिसऱ्यांदा नवीन डॉक्टर मॅडमनी ऐकलं आणि आम्ही टेस्ट सकाळी ड्युटी लागायच्या आधी घ्यायला लागलो. सांगायचं हे की मेडिकलचं टाईमटेबल नर्सला विचारून बनवा, मशीनवर ती बसते.

एचआरसमोर दोघांचं उत्तर एक पाहिजे. "त्याला शुगर आहे का हो?" असा फोन डॉक्टरांना येत नाही, सिस्टरला येतो, चहा पिता पिता येतो. उत्तर एवढंच द्यायचं की फिट आहे, किंवा अमुक कामाला फिट नाही, आजाराचं नाव नाही, फाईल नाही. डॉक्टरांनी हे एचआरला मेलवर लिहून द्यावं, म्हणजे नकार सिस्टरच्या एकटीच्या तोंडून जात नाही. आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १९८५ चा १६१ नंबरचा करार आहे, त्यात ऑक्युपेशनल हेल्थच्या स्टाफला व्यावसायिक स्वातंत्र्य पाहिजे असं म्हटलंय, फक्त डॉक्टरला असं नाही म्हटलं.

महिन्यातून एकदा प्लांटचा राऊंड दोघांनी मिळून मारा. कामगार कुठे वाकतो, मास्क कुठे काढतो हे एकाने बघून दुसऱ्याला सांगण्यात मजा नाही. येताना सेव-उसळ खा, खरंच सांगते, ओएचसीच्या बाहेर बसून अर्धा तास बोललं की वर्षभराचं अडलेलं निघतं.

चूक झाली तर खोलीत बोला, कामगारांसमोर सिस्टरला झापलं की दुसऱ्या दिवसापासून कोणी तिचं ऐकत नाही, आणि मग गॅस लागलेला माणूस पण "डॉक्टर आल्यावर येतो" म्हणून निघून जातो. आपण पण कॅन्टीनमध्ये डॉक्टरांची औषधं चुकीची असतात असं बोलायचं नाही, शंका असेल तर त्यांनाच विचारायचं.

पगाराचं डॉक्टरांच्या हातात नसतं, कॉन्ट्रॅक्टवरच्या जणींचं तर अजिबातच नाही. पण नाईटचं रोटेशन, रिलीव्हर आल्याशिवाय कोणाला डबल करायला न लावणं, ट्रेनिंगला नाव पाठवणं, हे मॅनेजमेंटसमोर डॉक्टर बोलले तर होतं, नर्स बोलली तर फाईलमध्ये राहतं. तेवढं बोला.

आणि पहिलं पान कुठल्या केमिकलचं करायचं हे ठरत नसेल तर गेल्या वर्षाचं फर्स्ट-एड रजिस्टर काढा, ज्या केमिकलचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलंय ते घ्या.