‘पंपाला किती?’ : कीटकनाशकांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जुलै सरता सरता सोयाबीन गुडघ्याला लागतं आणि इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, महूकडच्या कीटकनाशकांच्या दुकानांत एकच वाक्य ऐकू येतं: "भैया, इल्ली की दवा दे दो, पंप में कितना डालूँ?" इंदूरच्या मराठी घरात आपण अळी म्हणतो, गिऱ्हाईक इल्ली म्हणतं, तेवढं दोन दिवसांत अंगवळणी पडतं. अवघड आहे ते दुसऱ्या अर्ध्या वाक्याचं उत्तर पटकन न देणं. मात्रा फवारणीच्या पंपाची नसतेच, हेक्टरची असते.

हिशोब करून बघा. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल 18.5 टक्के एससी हे अळीचं औषध (एससी म्हणजे बारीक कण तरंगत असलेला दाट द्रव) सोयाबीनवर हेक्टरी 150 मिली लागतं. खंडवा रस्त्यावरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या साप्ताहिक सल्ल्यात पाठीवरच्या साध्या पंपासाठी हेक्टरी 450 ते 500 लिटर पाणी सांगितलेलं असतं, मोटरवर चालणाऱ्या पॉवर स्प्रेयरसाठी 125 लिटरच्या आसपास. 16 लिटरच्या साध्या पंपाने 500 लिटर म्हणजे 31 पंप, आणि पंपाला 4.8 मिली. पॉवर स्प्रेयरने 125 लिटर म्हणजे जेमतेम आठ पंप, आणि पंपाला 19 मिली. औषध तेच, शेत तेच, मात्रा चौपट. काउंटरवरून सवयीने "पाच मिली" सांगितलं आणि शेतकरी आठ पंपांत हेक्टर उरकून आला, की शेतावर हवं त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा औषध पडतं. अळी मरत नाही. आठवड्याने तो "दवा नकली थी" म्हणत परत येतो आणि दुकानदार त्याला आणखी कडक काहीतरी काढून देतो. नकली माल बाजारात असतोच, पण बऱ्याच तक्रारींचं मूळ या भागाकारात असतं. त्यात मोजायला बाटलीचं बूच वापरलं की संपलंच. बुचाचं माप कंपनीगणिक वेगळं. दहा रुपयांचं मोजपात्र बाटलीसोबत द्या.

माळव्यात दुसरी अडचण बिघ्याची. कुठे चार बिघ्यांचा हेक्टर धरतात, कुठे पाचांचा. "दस बीघा" ऐकून औषध काढून देऊ नका. खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) रकबा, म्हणजे क्षेत्र, हेक्टरमध्ये लिहिलेला असतो, तो विचारा.

शेतकरी खरोखर किती पाणी टाकतो हे कळायला एक सोपी चाचणी आहे, आणि फील्डवर जाणाऱ्याला ती झोपेतून उठवलं तरी करता आली पाहिजे. शेतात 10 बाय 10 मीटरचा तुकडा आखायचा. पंप नुसत्या पाण्याने काठोकाठ भरायचा. नेहमीच्या चालीने, नेहमीच्या दाबाने तो तुकडा फवारायचा. मग पंप पुन्हा काठोकाठ भरायला किती लिटर लागलं ते मोजायचं आणि 100 ने गुणायचं. 3.5 लिटर लागलं तर हेक्टरी 350. लेबलवर 500 असेल तर चाल मंद करायची आणि पुन्हा मोजायचं. पाणी फारच जास्त लागत असेल तर आधी नोझल बघा: नव्या नोझलपेक्षा 10 टक्के जास्त पाणी सोडायला लागलं की ते बदलायचं. अळी आणि बुरशीच्या औषधाला पोकळ शंकूचं नोझल, तणनाशकाला पंख्याच्या आकाराचं किंवा फ्लड जेट. नोझल तुंबलं तर जुन्या ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकणारे अजून दिसतात.

पण फवारणी हवीच आहे का, हा प्रश्न याआधीचा. ओळींच्या मध्ये कापड अंथरून मीटरभर ओळीतली झाडं हलवायची, पडलेल्या अळ्या मोजायच्या, आणि असं शेतात निदान पाच-सहा ठिकाणी करायचं. हिरव्या उंटअळीसाठी मीटरभर ओळीत साधारण चार, शेंगा भरताना तीन, ही आर्थिक नुकसानीची पातळी धरतात. त्याखाली फवारणं म्हणजे पैसे घालवून मित्रकीटक मारणं. ते गेले की पुढची पिढी जास्त जोमाने येते. उलट चक्री भुंग्याला उशीर चालत नाही. मादी देठावर किंवा खोडावर दोन चकत्या कापून त्यांच्यामध्ये अंडी घालते, अळी खोडात शिरली की वरून फवारलेलं तिच्यापर्यंत पोचणं अवघड. सुरुवातीला सुकून लोंबणारं पान दिसलं की तो भाग चकतीखालून तोडून नष्ट करणं हे औषधापेक्षा स्वस्त पडतं. दुकानात बसून "अभी मत डालो" म्हणणं धंद्याच्या विरुद्ध वाटतं. तसं म्हणणारा दुकानदार पुढच्या हंगामात टिकतो, निदान गावात त्याचं ऐकलं तरी जातं.

आता बाटली हातात घ्या. लेबलवर तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणाची पायरी सांगतो. लाल म्हणजे तोंडावाटे एलडी-50 (चाचणीतले निम्मे प्राणी मारणारी मात्रा) वजनाच्या किलोला 1 ते 50 मिलिग्रॅम, पिवळा 51 ते 500, निळा 501 ते 5000, हिरवा त्याहून वर. आकडा जितका लहान तितकं विष जहाल. नवखे हे हमखास उलटं समजतात. हिरवा म्हणजे निर्धोक असंही नाही: हा रंग माणसाच्या जिवाचा हिशोब आहे, मधमाशी किंवा माशांचा नाही. रंगाखेरीज तीन गोष्टी वाचायच्या: कोणत्या पिकावर कोणत्या किडीसाठी नोंदणी आहे, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, आणि विषबाधा झाल्यास द्यायचा उतारा. सोयाबीनला नोंदवलेलं औषध पालकावर चालत नाही. चोइथराम मंडीत उद्या पहाटे जाणाऱ्या भाजीवर आज संध्याकाळी फवारणारा माणूस ‘कितने दिन रुकना है’ हे विचारत नाही. ते आपणहून सांगायचं असतं.

औषधाचा गट (ते किडीला कसं मारतं त्यावरून दिलेला क्रमांक) लेबलवर शोधा, नाहीतर तक्ता जवळ ठेवा. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल, टेट्रानिलिप्रोल, फ्लुबेंडायमाइड: तीन वेगळ्या बाटल्या, पण तिघंही गट 28. पहिलं चाललं नाही म्हणून दुसरं दिलं तर बदल काहीच झालेला नसतो, किडीचा प्रतिकार मात्र वाढतो. बदलायचं तर गट बदला: इमामेक्टिन 6 मध्ये, इंडोक्साकार्ब 22 मध्ये. दोन औषधं एकत्र मिसळायचा आग्रह झाला तर आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडं मिसळून अर्धा तास ठेवा. गुठळी, साय किंवा थर दिसला तर पंपात नको. पंपात आधी अर्धं पाणी, मग पावडर, मग एससी, शेवटी ईसी (पाण्यात दुधाळ होणारं तेलकट औषध). आणि लेबलवर मिसळण्याची परवानगी नसेल तर चाचणी पास झाली तरी नाहीच.

परवान्याचं थोडक्यात. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम हा पाया. नोंदणी फरीदाबादहून होते, विक्रीचा परवाना जिल्ह्यात कृषी खात्याकडून. विक्रीसाठी स्वतः किंवा नोकरीतला माणूस कृषी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी, लाइफ सायन्स किंवा रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर असावा लागतो. पात्रता नसलेल्या जुन्या दुकानदारांसाठी आठवड्याला एक वर्ग असा 12 आठवड्यांचा कीटकनाशक व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आला. याहून सविस्तर हवा तर हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा डेसी डिप्लोमा: 48 आठवडे, त्यात 40 वर्ग आणि 8 शेतभेटी, तेही बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे दुकान बंद ठेवायला लागत नाही. ज्यांना बीएस्सी कृषीच करायचंय त्यांना ग्वाल्हेरच्या विद्यापीठाखालचं इंदूरचं कृषी महाविद्यालय आहे. (अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली ती याच आवारात, हे तिथे शिकणाऱ्या निम्म्या मुलांना माहीत नसतं.) पेस्ट कंट्रोलकडे वळणाऱ्यांना वेगळा परवाना आणि म्हैसूर, हापूड किंवा हैदराबादच्या सरकारी संस्थेत 15 दिवसांचं प्रशिक्षण लागतं. एप्रिलमध्ये नवा गहू घरात आला की शेजारीपाजारी "गव्हात टाकायच्या गोळ्या" मागतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइड सामान्य गिऱ्हाइकाला विकता येत नाही. ओळखीला नकार देण्याची सवय इथूनच लावा.

दुकानात निरीक्षक येतो तेव्हा काय बघतो? परवाना भिंतीवर, त्यात त्या कंपनीचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट (तिचा माल विकायची तिने दिलेली लेखी संमती) चढलेलं, साठा वही आणि बिलं जुळणारी, माल खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या खोलीत किंवा कुलपात. सील फोडून सुटं विकलेलं आढळलं तर सबब चालत नाही. मुदत संपलेल्या बाटल्या हा सर्वात जास्त अडकवणारा मुद्दा: मुदत संपताच त्या बाजूला काढून ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारायचा आणि ‘मुदत संपलेली कीटकनाशकं’ अशी पाटी लावलेल्या वेगळ्या जागेत ठेवायच्या. "कंपनीवाला ले जाएगा" म्हणून मागच्या फळीवर ठेवलेली बाटली कायद्याच्या दृष्टीने विक्रीतच असते. नमुना घेतला तर त्याचे तीन भाग होतात. एक तुमच्याकडे राहतो, तो सीलबंद जपा. अहवाल विरुद्ध आला तर आव्हान द्यायला मिळाल्यापासून 28 दिवस असतात.

2017 मध्ये यवतमाळला कापसावर फवारताना झालेले मृत्यू मराठी वाचकांना आठवत असतील. डोक्याइतक्या वाढलेल्या पिकात फवारा अंगावर येतो आणि घामाने कातडी ओली असते. विष नाकापेक्षा कातडीतून जास्त जातं. म्हणून नाकाला रुमाल बांधून उघड्या हाताने औषध ढवळणाऱ्याला रुमालाआधी नायट्राइलचे हातमोजे द्या. पॅन्ट बुटात खोचू नये, बुटावरून सोडावी. वारा पाठीकडून. घाम, लाळ, टाचणीएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या दिसल्या तर कपडे काढा, अंग धुवा, 108 ला फोन करा आणि बाटली दवाखान्यात सोबत न्या. औषध ऑरगॅनोफॉस्फेट (मज्जासंस्थेवर घाव घालणाऱ्या गटातलं) आहे हे कळलं तर डॉक्टर ॲट्रोपिन लगेच सुरू करू शकतात. ईसी पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका.

रिकामी बाटली तीनदा विसळून पाणी पंपातच ओतायचं, बुडाला भोक पाडायचं. नियम वस्तीपासून दूर तोडून पुरायला सांगतो. पाण्यासाठी बाटली मागणारे येतील, देऊ नका.

आणि दिवाळीनंतर गव्हाचा हंगाम लागला की 2,4-डी या तणनाशकासाठी वेगळा पंप ठेवायला सांगा. ज्या पंपाने गव्हातलं बथुआ (चाकवताचं तण) मारलं, त्याच पंपाने शेजारच्या हरभऱ्यावर अळीचं औषध गेलं की चार दिवसांत शेंडे पिळवटतात. नुसत्या पाण्याच्या एका विसळणीने ते जात नाही. नळी, गाळणी आणि नोझलपर्यंत साबणाचं पाणी फिरवून रात्रभर ठेवायचं, मग तीनदा धुवायचं. तरीही दोन पंप स्वस्त पडतात.