ॲक्सोलॉटलने गांडुळे थुंकली तेव्हा
राजारामपुरीतल्या आमच्या घरचा ॲक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा, सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी) सुरुवातीला केवळ गोठवलेल्या ब्लडवर्मवर, म्हणजे डासासारख्या कीटकाच्या लाल अळ्यांवर, होता आणि दिवसेंदिवस रोडावत चालला होता. म्हणून मी गांडूळखताच्या खड्ड्यातली तांबडी गांडुळे दिली, परंतु तोंडात घेताच तो ती थुंकून टाकी. या जातीच्या अंगातून सुटणारा पिवळसर, कडवट द्राव त्याला सोसत नाही, हे मला नंतर समजले. अखेर करवीर तालुक्यातील नातेवाइकांच्या परसातून, जिथे रासायनिक खत वा फवारणी कधीच होत नाही, मातीतली साधी गांडुळे आणली, स्वच्छ धुतली आणि बेताचे तुकडे करून चिमट्याने त्याच्यासमोर हलवली, तेव्हा त्याने ती झटक्यात ओढून घेतली. वाढ पूर्ण झाल्याने आठवड्यातून 3 वेळा एवढेच पुरते. उन्हाळ्यात मात्र पाणी 18 अंशांच्या आसपास राखतो, कारण ते तापले की त्याची भूक मंदावते.