ओपिऑइडविना भूल आणि मेंदूचा आलेख: शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया फेंटानिल, मॉर्फिन यांसारख्या ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक) औषधांशिवाय करायची असे ठरले, तर भूलतज्ज्ञाने तयारीची सुरुवात आदल्या दिवशी रुग्णाच्या केसपेपरपासून करावी. ही पद्धत आपण का निवडली, याचे उत्तर प्रथम स्वतःशी स्पष्ट असावे. मागच्या भुलीनंतर झालेल्या अनावर उलट्या किंवा झोपेत श्वास अडकण्याचा आजार ही पटण्यासारखी कारणे आहेत. कपाटात फेंटानिल नाही, हे कारण नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखालील परवान्यांची यातायात कमी व्हावी म्हणून २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आहे, तेव्हा फेंटानिलची कुपी ओटीतील (शस्त्रक्रियागृहातील) कुलूपबंद कपाटात असलीच पाहिजे. बेत फसला तर तीच लागेल आणि ती वापरण्यात कमीपणा मानू नये.

पर्यायी औषधांपैकी प्रत्येकाची स्वतःची अट असते, ती केसपेपरवर तपासून घ्यावी. नाडी मुळातच मंद असेल, ईसीजीमध्ये हार्ट ब्लॉक असेल किंवा रुग्ण बीटा ब्लॉकरच्या गोळ्या घेत असेल तर झोप आणणाऱ्या पण नाडी मंदावणाऱ्या डेक्समेडेटोमिडिनचा विचार सोडावा किंवा फार जपून करावा. मूत्रपिंडे अशक्त असतील तर मॅग्नेशियम टाळावे, आणि रक्तदाब आटोक्यात नसेल तर वेदना शमवणारे केटामिन. लिग्नोकेन (स्थानिक भुलीचे औषध) शिरेतून देणार असाल तर डोस आदर्श वजनावर काढावा, सुरुवातीचा डोस किलोमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा आणि तो सुमारे १० मिनिटांत सावकाश द्यावा. त्याच वेळी पोटाच्या भिंतीत ब्लॉक (नसांभोवती बधिरतेचे इंजेक्शन) देण्याचा मोह होतो, तो आवरावा. दोन्हींपैकी एकच निवडावे, कारण स्थानिक भुलीच्या औषधांची विषबाधा मोजताना एकूण बेरीज धरावी लागते. ही निवड शल्यचिकित्सकाला आधी कळवावी, नाहीतर तो सवयीप्रमाणे शेवटी छेदांच्या जागी बुपिव्हाकेन हे स्थानिक भुलीचेच औषध टोचून मोकळा होतो.

रुग्णाशी बोलताना पूर्वीच्या एखाद्या शस्त्रक्रियेत मध्येच जाग आल्याचे आठवते का, हे विचारावे. ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत अशा तक्रारींचे प्रमाण सुमारे १९,००० भुलींमागे एक असे आढळले होते, आणि स्नायू शिथिल करणारे औषध वापरलेल्या रुग्णांत ते कितीतरी अधिक होते. मेंदूच्या आलेखावरून भुलीची खोली आकड्यात दाखवणाऱ्या बिस या उपकरणासाठी कपाळावर चिकटपट्टी लागेल हेही सांगून ठेवावे. ही बाब किरकोळ वाटते, पण आपल्याकडे कपाळ क्वचितच कोरे असते. कुंकू, गंध, टिकलीचा डिंक आणि केसांतून ओघळलेले खोबरेल तेल यांमुळे पट्टीचा संपर्क बिघडतो, म्हणून सकाळी कपाळ साबणाने धुऊन यायला सांगावे, ओटीत ते स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करावे आणि मगच बिसची पट्टी लावून प्रत्येक इलेक्ट्रोड काही सेकंद दाबून धरावा. एकदा वापरलेली पट्टी जेल लावून पुन्हा वापरण्याची काटकसर अनेक ठिकाणी चालते. ज्या भुलीत सगळा भरवसा आलेखावर ठेवायचा, तिथे तरी ती करू नये.

पट्टी डेक्समेडेटोमिडिन सुरू करण्यापूर्वीच लावावी, म्हणजे रुग्णाचा जागेपणीचा आलेख हाती राहतो. जाग्या माणसाचा बिस आकडा नव्वदीच्या पुढे असतो आणि संपूर्ण भुलीसाठी तो ४० ते ६० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु हे उपकरण १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले तेव्हापासून त्याचा आकडा मुख्यतः शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलच्या आणि वाफेच्या भुलीसाठी जुळवलेला आहे, आणि ओपिऑइडच्या जागी आपण जी दोन औषधे घेतो ती त्याला नेमकी विरुद्ध दिशांना ओढतात. केटामिन दिल्यावर आलेखात वेगवान लहरी येतात आणि भूल उथळ झालेली नसतानाही आकडा चढतो. त्याला फसून प्रोपोफॉल वाढवले तर रक्तदाब कोसळतो. डेक्समेडेटोमिडिन नैसर्गिक झोपेसारखा आलेख उमटवते. आकडा खाली येतो, पण नुसते हे औषध दिलेला माणूस हाकेने किंवा हलवल्याने जागा होऊ शकतो. म्हणून पडद्यावर केवळ आकडा न ठेवता कच्चा आलेख आणि शक्य असल्यास त्याचा रंगीत वर्णपटही दिसेल अशी मांडणी आधीच करून ठेवावी. प्रोपोफॉलच्या भुलीत मंद लहरींवर सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांच्या अल्फा लहरी आरूढ झालेल्या दिसाव्यात. वयस्कांत त्या क्षीण असतात. आलेख मधूनमधून सपाट होत असेल तर सप्रेशन रेशो पाहावा, तो मागील ६३ सेकंदांपैकी किती टक्के वेळ आलेख सपाट होता हे सांगतो, आणि तो शून्यावरून वर सरकू लागला की, केटामिनने आकडा कितीही फुगवलेला असो, भूल कमी करावी. केटामिनचा डोस छेद घेण्याच्या क्षणी न देता बराच आधी द्यावा आणि वेळ नोंदवावी, म्हणजे आकडा औषधाने चढला की वेदनेने, हा घोळ होत नाही.

वेदनेचा विषय निघालाच आहे तर तोही नीट समजून घ्यावा. बिस झोपेचा अंदाज देते, शरीराला पोचणाऱ्या यातनेचा नाही. ओपिऑइड नसताना पोटात पहिला ट्रोकार (दुर्बीण व अवजारे घालण्याची नळी) शिरतो, तेव्हा अल्फा लहरी एकाएकी विरळ होतात किंवा उलट मोठ्या मंद लहरींची झुंड उठते. यातल्या दुसऱ्या प्रकारात आकडा खाली जातो आणि नवशिक्याला भूल खोल झाल्यासारखे वाटते. अशा वेळी नाडी, रक्तदाब आणि आलेख तिन्ही एकत्र वाचावेत. शिवाय आकडा काही सेकंद मागून येतो, हे ध्यानात ठेवावे. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची मात्रा टीओएफने (नसेला चार विद्युतझटके देऊन स्नायूचा प्रतिसाद पाहण्याच्या चाचणीने) मोजत राहावी, कारण पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना केवळ हे औषध दिल्यावरही बिसचा आकडा घसरल्याचे २००३ आणि २०१५ मधील प्रयोगांत दिसले आहे. त्यातून मॅग्नेशियम दिले असेल तर शैथिल्य लांबते.

नाडीची तयारी स्वतंत्रपणे आणि गांभीर्याने करावी. फ्रान्समध्ये झालेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला डेक्समेडेटोमिडिन विरुद्ध रेमिफेंटानिल (एक ओपिऑइड) हा मोठा अभ्यास तीव्र मंदनाडीचे पाच रुग्ण आढळल्यावर मध्येच थांबवावा लागला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत तर पोटात वायू भरताना पोटाचे आतले अस्तर ताणले जाऊन नाडी आपोआप मंदावते, आणि दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर हृदय थांबण्यापर्यंत मजल जाते. यासाठी अ‍ॅट्रोपिन (नाडी वाढवणारे औषध) सिरिंजमध्ये भरून, चिठ्ठी लावून हाताशी ठेवावे, डेक्समेडेटोमिडिनचा सुरुवातीचा डोस कमी आणि सावकाश द्यावा, वायू हळू भरण्याची विनंती करावी आणि नाडी उतरली की आधी पोटातला वायू बाहेर सोडायला सांगावे. लिग्नोकेनच्या विषबाधेसाठी २० टक्के लिपिड इमल्शन ओटीतच असावे.

यंत्रसामग्रीचे थोडक्यात. सिरिंज पंपांच्या बॅटऱ्या चार्ज असाव्यात, कारण प्रोपोफॉलच्या पंपाला वीज गेल्याचे कळायला उशीर झाला तर रुग्ण जागा होतो. शिरेची सुई डोळ्यांसमोर राहावी, चादरीखाली दडू नये. कॉटरी (विजेने ऊतक कापणारे व रक्तस्राव थांबवणारे उपकरण) चालू असताना येणारा आकडा ग्राह्य धरू नये.

शस्त्रक्रिया संपत आली की डेक्समेडेटोमिडिन वेळेत थांबवावे, टीओएफचे गुणोत्तर किमान ०.९ झाल्याची खात्री करावी आणि रुग्ण हाकेला ओ देईपर्यंत कपाळावरची पट्टी काढू नये. झोप लागण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते, जाग आल्यावरचे पहिले काय आठवते, मधले काही आठवते का, स्वप्न पडले का, हे प्रश्न त्याच दिवशी आणि पुन्हा काही दिवसांनी टाके काढायला येईल तेव्हा विचारण्यासाठी कागदावर आधीच लिहून फाईलला जोडावेत. केटामिन घेतलेला रुग्ण विचित्र स्वप्ने सांगतो; ती हसण्यावारी न नेता त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत आणि त्या वेळचा आलेख काढून शेजारी ठेवावा.